हद्दीत आलेलं गाव

बारामती आणि इंदापूर या शेजारशेजारच्या तालुक्यांत रुई नावाची दोन गावं आहेत. इंदापूर तालुक्यातली रुई बाबीरदेवाची. दिवाळीच्या पाडव्याला तिथं यात्रा भरते, धनगर समाजातले भाविक लांबून येतात, ढोल घुमतात. तिथं सरपंच आहे, ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा भरते. दुसरी रुई बारामती शहराला खेटून, एमआयडीसीच्या अंगाला. तिथंही घरं आहेत, देवळं आहेत, जमिनी आहेत, सातबाऱ्यावर गावाचं नाव आहे. सरपंच मात्र नाही. ही रुई आता बारामती नगरपरिषदेचा भाग आहे.

२०११ ची जनगणना झाली त्या सुमारास बारामती हे जेमतेम पंचावन्न हजार वस्तीचं शहर होतं, निदान कागदावर तरी. त्यानंतर थोड्याच काळात शहराची हद्दवाढ झाली आणि बारामती ग्रामीण, तांदुळवाडी, जळोची व रुई या चार ग्रामपंचायती नगरपरिषदेत विलीन झाल्या. बातमी दोन ओळींची असते: अमुक गावं शहरात आली. पण गाव शहरात येतं म्हणजे नेमकं काय होतं, गावातलं काय संपतं आणि काय तसंच राहतं, हे त्या गावात राहणाऱ्यालाही बऱ्याचदा पुढच्या घरपट्टीच्या बिलावरूनच कळायला लागतं.

या चार नावांतलं सगळ्यात चमत्कारिक नाव बारामती ग्रामीण. शहराचंच नाव, पण ग्रामपंचायत. बारामतीला नगरपालिका आली १८६५ साली. तिची हद्द म्हणजे कऱ्हेकाठची जुनी वस्ती, बाजारपेठ आणि आसपासचा थोडा भाग. महसुलाच्या दृष्टीने बारामती हे गाव त्याहून खूप मोठं होतं. त्याची शीव दूरवर, मळ्यांपर्यंत आणि वाड्यावस्त्यांपर्यंत गेलेली. नगरपालिकेच्या रेषेबाहेर उरलेल्या या बारामतीचा कारभार ग्रामपंचायतीकडे. त्यामुळे एकाच बारामतीतला एक माणूस नगरसेवक निवडून देई, आणि रेषेपलीकडचा त्याचा भाऊबंद सरपंच, पंचायत समिती सदस्य आणि जिल्हा परिषद सदस्य निवडून देई. दोघांचा बाजार एक, बसस्थानक एक, नीरा डाव्या कालव्याचं पाणीही एकच.

त्या रेषेने आकड्यांची कशी गंमत केली पाहा. २००१ च्या जनगणनेत बारामती नगरपरिषदेची लोकसंख्या ५१,३४२ होती आणि २०११ मध्ये ५४,४१५. दहा वर्षांत तीन हजारांची वाढ. ज्या दशकात बारामतीत कारखाने, शिक्षणसंस्था, दवाखाने, सदनिकांचे प्रकल्प एकामागून एक उभे राहत होते त्याच दशकात शहर जवळपास जागच्या जागी उभं होतं, असं या आकड्यांवरून कुणालाही वाटेल. वाढ झाली होतीच, पण रेषेच्या बाहेर, भिगवण रस्त्याला, इंदापूर रस्त्याला, एमआयडीसीच्या बाजूला. लोक बारामतीत राहायला येत होते आणि जनगणनेच्या वहीत जळोचीकर किंवा तांदुळवाडीकर म्हणून नोंदले जात होते. पुढे २०१६ ची नगरपरिषद निवडणूक वाढीव हद्द धरून झाली, तेव्हा ३९ जागा होत्या. आजही कुठं बारामतीची लोकसंख्या ५४,४१५ अशी छापलेली दिसली तर ती जुन्या रेषेच्या आतली आहे, हे लक्षात ठेवावं.

तर या रेषा आल्या कुठून? उत्तरासाठी फार लांब जायला नको, शेजारच्या इंदापुरात जायचं. आपण ज्याला महसुली गाव म्हणतो, म्हणजे ज्याची शीव मोजलेली आहे, ज्यातल्या शेताशेताला नंबर आहे आणि नंबरावर आकार बसवलेला आहे, त्या गावाचा पश्चिम भारतातला आजचा साचा तयार झाला तो इंदापूर तालुक्यात.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने दख्खनच्या जमिनीची नव्याने मोजणी करायचं काम प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे दिलं. शेतातून निघणारं उत्पन्न, त्यातून वजा जाता खर्च आणि उरलेल्या नफ्याचा ठरावीक हिस्सा सरकारचा, असं त्याचं पुस्तकी गणित होतं. मोजणी सदोष झाली, आकारणी भारी बसली, वर पावसाने दगा दिला. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडू लागल्या आणि माणसं गाव सोडून जाऊ लागली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि त्याच्या जोडीला विंगेट हा लष्करी इंजिनिअर अशा दोघांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केलं. १८३६ मध्ये त्यांचे दर लागू झाले, तेही तीस वर्षांसाठी पक्के. नफ्यातोट्याचं गणित त्यांनी बाजूला ठेवलं. जमीन मोजायची, मातीचा कस आण्यांत ठरवायचा, आणि त्या कसाप्रमाणे आकार बसवायचा. ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. १८४७ मध्ये तिचे नियम एका संयुक्त अहवालात बांधले गेले.

या मोजणीतलं एक हत्यार आजही आपल्या बोलण्यात आहे. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. त्याआधी आपल्याकडे काठी, पांड आणि बिघा चालत. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, आणि काठीची लांबी गावागणिक हलणारी. साखळीने हे सगळं एका मापात आणलं. शेताचं टिपण काढायचं, बांधाच्या कोपऱ्यांवर दगड रोवायचे, शेताला नंबर द्यायचा, सगळे नंबर जोडून गावचा नकाशा तयार करायचा. आज भिगवण रस्त्याला कुणी जागेचा भाव विचारला की उत्तर गुंठ्यात येतं. इंदापूरच्या उजाड शेतांतून फिरलेली ती साखळी प्लॉटच्या सौद्यात अजून बोलते आहे.

पुढे तुकडेबंदी व तुकडेजोडीचा १९४७ चा कायदा आला, बऱ्याच गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, पण गावाची शीव तीच राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात गावाची व्याख्या करताना तिच्यात नगर आणि शहरसुद्धा धरलेलं आहे, त्यांच्या सगळ्या जमिनींसह. म्हणजे महसूल खात्याच्या लेखी बारामती हे आजही एक गाव, रुई एक गाव, जळोची एक गाव. सरपंच जातो, पण तलाठी राहतो. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असलं तरी लोक तलाठीच म्हणतात. फेरफार, वारस नोंद, सगळं त्याच्याकडे पूर्वीसारखंच.

ग्रामपंचायत ही दुसरी गोष्ट. ती कायद्याने निर्माण केलेली संस्था. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली राज्य शासन एखादं क्षेत्र गाव म्हणून जाहीर करतं आणि तिथं पंचायत बसते. जाहीर करणाऱ्याला ते काढूनही घेता येतं. शहराची हद्द वाढवायची तर १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागतो. शासन प्रारूप अधिसूचना काढतं, हरकती मागवतं, त्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल जातो आणि अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. अधिसूचनेच्या परिशिष्टात नव्या हद्दीचं वर्णन चार दिशांनी दिलेलं असतं. अमुक गावाच्या शिवेपासून तमुक ओढ्याच्या काठाने, कालव्याच्या पलीकडच्या अमुक गट नंबरापर्यंत. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडांना धरूनच नवी रेषा जाते.

ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला तर? ठराव हरकत म्हणून जोडला जातो, त्याने शासन बांधलं जात नाही. या बाबतीतला मोठा निकाल महाराष्ट्राच्याच प्रकरणातला आहे. कल्याण महापालिका करताना उल्हासनगर आधी घ्यायचं ठरलं होतं, मग तिथल्या विरोधानंतर वगळण्यात आलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शहराची हद्द ठरवणं हे कायदा करण्याच्या जातीचं काम आहे. कायद्याने सांगितलेली पद्धत पाळली की झालं, त्यापलीकडे प्रत्येकाला सुनावणी मिळालीच पाहिजे असा हक्क नाही. कायद्याच्या भाषेत हे बिनचूक असेल. पण ज्या सभेत काल आपण विहिरीच्या दुरुस्तीवर बोलू शकत होतो, ती सभाच राहावी की जावी यावर आपलं मत फक्त अर्जासारखं घेतलं जातं, हे गावाला टोचतं आणि टोचायला हवंच.

आता घरपट्टीकडे येऊ, कारण खरा बदल पहिल्यांदा दिसतो तो तिथं. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांची आकारणी यादी, काढून पाहिली तर तिच्यात मिळकत क्रमांक असतो, मालकाचं नाव, राहणाऱ्याचं नाव, बांधकाम दगडमातीचं की विटासिमेंटचं की आरसीसीचं, लांबी-रुंदी, आणि मग कर: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी आणि नळ असेल तर विशेष पाणीपट्टी. रकमा लहान. वसुली कशी होते ते गावावर अवलंबून. काही गावांत वर्षानुवर्षं थकलेली घरपट्टी निवडणुकीचा अर्ज भरायच्या आदल्या दिवशी भरली जाते, कारण थकबाकीदाराचा अर्ज बाद होतो.

नगरपरिषदेचं बिल वेगळ्या घराण्यातलं. तिथं करयोग्य मूल्य काढतात, त्यावर मालमत्ता कर, शिवाय वृक्षकर, अग्निशमन कर, शासनाचा शिक्षण कर. दुकान किंवा कारखाना असेल तर रोजगार हमी करही. ही शेवटची ओळ वाचून थांबावंसं वाटतं. रोजगार हमीचं काम प्रामुख्याने खेड्यातल्या मजुरासाठी, आणि त्याचा कर शहरातल्या गाळ्यावर. काल जो माणूस जॉबकार्ड घेऊन ग्रामपंचायतीत काम मागू शकत होता, हद्दवाढीनंतर त्याच्याच वडापावच्या गाळ्यावर रोजगार हमी कर लागू शकतो. माणूस तोच, जागाही तीच, फक्त रेषा त्याच्या डोक्यावरून पुढे सरकलेली.

पुण्यात समाविष्ट गावांचा कर एकदम न वाढवता पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण दरावर नेण्याची पद्धत आहे. तरीही तिथं करावरून सगळ्यात जास्त ओरड होते, आणि ती निव्वळ कंजूषपणाची म्हणता येत नाही. कर आधी येतो आणि सोय नंतर. नळाची वाहिनी, भुयारी गटार, पक्का रस्ता यांना आराखडा लागतो, निधी लागतो, निविदा लागते. बिलाला फक्त छपाई लागते.

बाकी बदल फारसे बोलले जात नाहीत. गावाचं मत जिल्हा परिषदेतून आणि पंचायत समितीतून उठतं. मिळकत, इमारत, शिल्लक, देणी सगळं नगरपरिषदेकडे जातं. ग्रामपंचायतीच्या नोकरांना सामावून घेण्याचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी रेंगाळतो. घरकुल ग्रामीण यादीतून शहरी यादीत जातं आणि रांग नव्याने लावावी लागते. जुन्या दाखल्यांची दप्तरं पेट्यांत भरून नव्या कार्यालयात जातात, तिथून हवा तो दाखला मिळेपर्यंत हेलपाटे ठरलेले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. शहराला खेटलेल्या ग्रामपंचायतीची कुवत खेड्याची असते आणि ओझं शहराचं. पाच-सहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहतात, मैलापाणी ओढ्यात जातं, कचरा रस्त्याच्या कडेला पेटतो, आग लागली तर बंब शहरातूनच मागवावा लागतो. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली गोष्ट नाही. पाण्याचंच घ्या. बारामती शहराला नीरा डाव्या कालव्यातून पाणी मिळतं. १८८५ पासूनचा हा कालवा शहरातून वाहत पुढे इंदापूरकडे जातो. कालवा बारमाही वाहत नाही, त्याला आवर्तन असतं, म्हणून दोन आवर्तनांमधल्या दिवसांसाठी साठवण तलाव लागतात. असे तलाव बांधणं, शुद्धीकरण केंद्र चालवणं, वाढत्या वस्तीला दररोज दाबाने पाणी देणं, हे चार ग्रामपंचायतींनी चार विहिरींवर करायचं काम नव्हे. त्यामुळे हद्दवाढ झालीच नसती तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. तांदुळवाडी किंवा जळोचीच्या माणसाने ते म्हटलं तरी सांजच्या वेळी नळाला पाणी आल्यावर तो शब्द मागे घेईल.

विकास आराखड्याचं प्रकरण मात्र सरळ नाही. हद्दीत आलेल्या जमिनीला नगररचना कायद्याखाली आराखडा होतो. त्यात रस्ते रुंद होतात, शाळा, बाग, दवाखाना, भाजी मंडई यांसाठी आरक्षणं पडतात. ज्याच्या गट नंबरावर निवासी रंग आला त्याचं नशीब उघडलं आणि ज्याच्यावर बागेचा हिरवा रंग आला तो वर्षानुवर्षं नकाशाकडे पाहत बसतो. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं. नोटीस म्हणजे वकील, वकील म्हणजे फी, आणि तोवर वाटण्या अडतात. तुकडेबंदीची अडचण मात्र शहरी हद्दीत सैल झालेली आहे, त्यामुळे एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार सोपे होतात. हद्दवाढीची कुणकुण लागताच जागांचे भाव का हलतात, ते यावरून कळतं. गावात हद्दवाढीला विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे कोण, हे पाहायचं असेल तर भाषणं ऐकण्यापेक्षा कुणाची जमीन कुठल्या रस्त्याला आहे ते पाहावं.

गावातलं काय संपतं आणि काय राहतं, या प्रश्नाची उलटी बाजू इंदापूर तालुक्यात दिसते. भीमा नदीवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पाणी मागे फुगलं आणि इंदापूरच्या भीमाकाठची गावं त्यात गेली. जुनं भिगवण गेलं, जुनं पळसदेव गेलं. माणसं उठली, वर नव्या जागी वसली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यातून उघडं पडतं आणि लोक पाहायला जातात. इथं जमीनच गेली, पांढरीची माती गेली, तरी पळसदेव नाहीसं झालं नाही. नाव नव्या वस्तीला आलं, ग्रामपंचायत राहिली, ग्रामसभा राहिली. बारामतीच्या रुईचं बरोबर उलटं. तिथली एक इंचही माती हलली नाही, आणि तरीही गावाचा कारभार गेला. गाव म्हणजे जमीन, की कारभार, की माणसांची एकत्र वस्ती, हा प्रश्न चर्चासत्रासाठी ठेवायची गरज नाही. बारामतीहून भिगवणपर्यंत गेलं तर दोन्ही उत्तरं एकाच दिवसात पाहून होतात.

जगात याच पेचाला सगळ्यात जास्त तोंड दिलं असेल तर फ्रान्सने. त्या देशात अगदी खालच्या पातळीवरच्या स्थानिक संस्थेला कम्यून म्हणतात. त्या साधारण पस्तीस हजार आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांहून जास्त पाचशेपेक्षा कमी वस्तीच्या. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती साधारण अठ्ठावीस हजार. लोकसंख्या मात्र फ्रान्सची आपल्या राज्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. प्रत्येक कम्यूनला महापौर, प्रत्येकीला आपलं कार्यालय. राज्यक्रांतीच्या काळापासूनची ही घडी मोडायचा प्रयत्न सरकारने १९७१ मध्ये कायदा करून केला, पण लोकांनी त्याला फारशी दाद दिली नाही. मग २०१० च्या कायद्याने नवीन कम्यून ही सोय काढली. शेजारच्या छोट्या कम्यूनांनी आपखुशीने एकत्र यायचं, सरकार अनुदानात सवलत देणार. २०१५ नंतर याला वेग आला आणि अडीच हजारांवर कम्यून एकत्र होऊन सुमारे आठशे नव्या कम्यून झाल्या. आल्प्समधल्या आनसी या शहरात २०१७ च्या पहिल्या दिवशी शेजारच्या पाच कम्यून विलीन झाल्या. नॉर्मंडीत तर अठरा खेडी एकत्र येऊन पती-को नावाची एकच कम्यून झाली.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. विलीन झालेल्या जुन्या कम्यूनला तिथं प्रातिनिधिक कम्यून म्हणून राहता येतं. तिचं नाव टिकतं. तिचा एक प्रतिनिधी महापौर असतो आणि तिचं छोटं कार्यालयही उघडं राहू शकतं, जिथं जन्माची नोंद, लग्नाची नोंद आणि किरकोळ तक्रारी गावातच होतात. कराची आणि खर्चाची सत्ता वर, पण दार आपल्या गल्लीत. यातही कटकटी आहेत, वेगळं व्हायचंय म्हणणाऱ्या कम्यूनही आहेत, आणि छोट्या खेड्याचा आवाज मोठ्या सभेत हरवतो ही तक्रार तिथंही आहेच. पण विलीन झालेल्या गावासाठी मधली एक पायरी ठेवावी, हा विचार त्यांनी कायद्यात लिहिला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी चीज म्हणजे गट ग्रामपंचायत, दोन-तीन लहान गावांची मिळून एक. तिच्यातही धाकट्या गावाची तक्रार ठरलेली की सरपंच नेहमी मोठ्या गावाचाच. आणि संधी मिळताच ते विभाजन मागतं. शहरात विलीन झालेल्या गावाला तर तेवढीही पायरी नाही. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घ्यायची आपल्याकडची रीत. ती सभा गोंधळाची असेल, कोरमअभावी तहकूब होत असेल, पण तिथं कुणीही मतदार उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. नगरपरिषदेच्या सभेत नागरिक बसू शकतो, पण बोलतो तो नगरसेवक. घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांत. बारामती त्याच्या खूप खाली. महाराष्ट्रात २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद आली, पण मोठमोठ्या शहरांतही अशी सभा भरल्याचं कानावर येत नाही.

ही पायरी नसल्यामुळे काय होतं, ते राज्यात इतरत्र दिसतं. पुण्यात १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, विरोधानंतर त्यांतली काही वगळली. मग २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली, आणि त्यांतल्या फुरसुंगी व उरुळी देवाची या गावांसाठी पुन्हा वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये परत आत. कोल्हापुराला १९७२ मध्ये महापालिका मिळाली, तरी त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आसपासच्या गावांनी हद्दीची रेषा पुढे सरकू दिली नाही. एका टोकाला गाव न विचारता घेतलं जातं, दुसऱ्या टोकाला गाव काही केल्या येत नाही. बारामती तालुक्यातल्या माळेगावने तिसरी वाट धरली. साखर कारखान्याचं हे मोठं गाव, त्याची स्वतःचीच नगरपंचायत झाली. प्रत्येक गावाला ते जमेल असं नाही, पण आधी स्वतःचं मोठं होणं आणि मग शेजाऱ्याशी बोलणं, याने गावाचा वकूब राहतो.

माझं मत सरळ आहे. शहरालगतच्या गावांची हद्दवाढ टाळता येणार नाही आणि टाळूही नये, पण विलीन झालेल्या प्रत्येक महसुली गावासाठी वर्षातून निदान दोनदा सभा, आणि जुन्या पंचायतीच्या इमारतीत कर, पाणी, दाखले यांची एक खिडकी, एवढं अधिसूचनेतच लिहिलं पाहिजे. महसूल खातं त्या गावाला गाव म्हणून ओळखतंच आहे, नकाशा आहे, शीव आहे, यादी आहे. नव्याने काही शोधायचं नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या गावाबद्दल प्रारूप अधिसूचना निघाली तर वर्तमानपत्रातली बातमी वाचून थांबू नका. राजपत्रातलं परिशिष्ट मिळवा आणि आपला गट नंबर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते तलाठ्याच्या नकाशाशी ताडून पाहा. नमुना ८ चा उतारा, नळजोडाच्या पावत्या, बांधकामाची परवानगी, जुनी घरपट्टी, या सगळ्यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती ग्रामपंचायतीचं दप्तर जागेवर असतानाच काढून ठेवा. हरकत असेल तर लेखी द्या, पोच घ्या, आणि मुदतीत द्या. मुदत अधिसूचनेतच छापलेली असते आणि ती सहसा तीस दिवसांची असते.